दारातलं उत्तर

आकडेवारी कार्यालयात त्यांना सगळे 'उंबरठे' म्हणायचे. हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखात होतं. 'उंबरठे' हे नाव कामातून पडलं आणि असं चिकटलं की नवीन लागलेले लोक अदबीनं 'उंबरठेसाहेब' अशी हाक मारायचे, आणि साहेबही न हसता 'ओ' द्यायचे.

देशात किती लोक कामाला आहेत, किती घरी बसून आहेत, किती काम शोधताहेत, हे अधूनमधून छापून येतं. आपण चहा पिता पिता ते वाचतो आणि 'काहीही छापतात' म्हणून पान उलटतो. पण तो आकडा आभाळातून पडत नाही. कुणीतरी खांद्याला पिशवी लावून जिने चढतं, कुत्री चुकवतं, 'आम्हाला काही घ्यायचं नाही' हे ऐकून घेतं आणि तरीही बेल दाबतं, तेव्हा तो आकडा तयार होतो. उंबरठ्यांनी जन्मभर हेच केलं. कार्यालय चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरं निवडायचं. एकदा घर निवडलं की वर्षभर, दर तीन महिन्यांनी, त्याच घरी जाऊन तेच प्रश्न विचारायचे. चार फेऱ्या झाल्या की ते घर सुटलं आणि आपणही सुटलो.

प्रश्न संपले की बाकीचे पाहणीवाले पळ काढायचे. उंबरठे पळायचे नाहीत. ते टॅब पिशवीत ठेवायचे, पिशवीची चेन ऐकू येईल अशी ओढायचे, 'बरं, येतो मग' म्हणत उठायचे आणि दारात जाऊन चपला घालायला लागायचे. त्याला इतका वेळ लागायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच चपला घालतोय. अंगठा अडकवायचा, पुन्हा काढायचा, पट्टा चाचपायचा. आणि नेमकं तेव्हाच घरातलं माणूस म्हणायचं, "तसं म्हणजे..."

'तसं म्हणजे' आलं की उंबरठ्यांचे कान टवकारायचे. आत खुर्चीवर माणूस सावध बसतो, शेजाऱ्यांना सांगायचं तेच सांगतो. दारात तो सैल होतो. मुलगा मोठ्या हुद्द्यावर आहे असं आत सांगणारा बाप दारात म्हणायचा, तसं म्हणजे बरेच दिवस झाले, घरीच आहे, बाहेर बोलू नका. मग उंबरठे पिशवीची चेन पुन्हा उघडायचे आणि विचारायचे, "हे लिहू का?" असं विचारल्याशिवाय त्यांनी कुणाचं एक अक्षरही बदललं नाही. समोरचं माणूस बिचकायचं. तेव्हा उंबरठे आपलं ठेवणीतलं वाक्य काढायचे.

"नाव इथेच राहतं हो. पुढे फक्त आकडा जातो."

ते हे वाक्य पोपटासारखं म्हणत नसत. कायद्यात तसं लिहिलेलं होतं, आणि कायद्याचं राहू द्या, त्यांनी स्वतः इतक्या दारांत तो शब्द दिला होता की आता तो त्यांचा स्वतःचाच झाला होता. बायको मात्र वैतागायची. कारण ही सवय घरीही गेली नाही. पाहुणे निघाले की हे त्यांच्याबरोबर दारात उभे, आणि पाहुणेही मग दारातच अर्धा तास. "अहो, त्यांना जाऊ द्या की," ती आतून ओरडायची, "त्यांचं सगळं खरं बोलून झालंय!"

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंचं घर त्यांच्या यादीत आलं ते निवृत्तीच्या आदल्या वर्षी. गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर, एक खोली आणि मागे स्वयंपाकाचा कोपरा. बाई एकट्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. खिडकीशी शिलाई मशीन. मशीनवर अर्धी शिवलेली कॉलर सुईखाली तशीच दाबून ठेवलेली, खाली फरशीवर गणवेशांच्या शर्टांचा ढीग. त्या ढिगाला वळसा घालून उंबरठे खुर्चीवर बसले.

"ताई, गेल्या आठवड्यात मोबदला घेऊन एखादा तास तरी काही काम केलंत?"

"काम?" बाई हसल्या. "मी कसलं काम करते, भाऊ. घरीच असते."

उंबरठ्यांनी कॉलरकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं आणि 'नाही' लिहिलं. समोरचा सांगेल तेच लिहायचं, आपल्या डोळ्यांना काय दिसतं ते नाही, हा नियम. मग उत्पन्नाचं विचारलं. बाईंना एकट्या बायकांसाठीचा सरकारी भत्ता मिळत होता. स्वतःची कमाई नसलेल्यांना तो मिळायचा. त्यात घरभाडं निघायचं आणि डोळ्यांत घालायचे थेंब यायचे. डोळ्यांत दाब वाढायचा त्यांच्या. थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत, चुकवले तर गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंनी थेंबांची छोटी बाटलीही दाखवली, जणू घरातलं एखादं लहान मूल दाखवावं.

टॅब पिशवीत गेला, चेन वाजली. उंबरठे दारात चपला घालू लागले.

"तसं म्हणजे, भाऊ," बाई म्हणाल्या, "हे शिवणं धरतात का हो कामात?"

"धरतात की! त्यालाच तर काम म्हणतात."

"दुकानवाला शर्ट आणून टाकतो. मी कॉलर लावून देते, काजं करते. नगावर पैसे देतो."

"मग ताई, तुम्ही कामाला आहात."

बाई हळूच म्हणाल्या, "आमचे हे म्हणायचे, दिवसभर बसून नुसती चाकं फिरवते. भत्त्याच्या ऑफिसात विचारलं होतं, काम करता का. मी नाही म्हटलं. मला खरंच वाटलं, याला काम म्हणत नसतील."

"हे लिहू का?"

"माझं नाव कुठे जाणार नाही ना?"

"नाव इथेच राहतं. पुढे फक्त आकडा जातो."

"मग लिहा. 'शिवणकाम' लिहा. नीट लिहा हं." आणि उंबरठे लिहीत असताना त्या त्यांच्या खांद्यावरून टॅबमध्ये वाकून बघत राहिल्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "दिसतं छान."

त्या दिवशी उंबरठे घरी जाऊन बायकोला म्हणाले, "आज एका बाईला कळलं की ती जन्मभर नोकरीला आहे." बायको म्हणाली, "मलाही कळवा कधीतरी."

पुढे काय झालं त्याला कुणी दुष्ट माणूस कारणीभूत नव्हता. असता तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. झालं असं की कार्यालयाच्या आकड्यांवर कुणाचा विश्वास उरला नव्हता. एक खातं म्हणायचं इतके लोक कामाला, दुसरं म्हणायचं त्याच्या निम्मे. वर्तमानपत्रं टिंगल करायची, परदेशातले जाणकार मान हलवायचे. तेव्हा आकडेवारी विश्वासार्ह करण्याची मोहीम निघाली. विभागाच्या मॅडमनी सगळ्या पाहणीवाल्यांना सभागृहात बोलावलं. मॅडम हुशार होत्या, प्रामाणिक होत्या, आणि खरोखर तळमळीनं बोलत होत्या. आजवर आपल्या नोंदी कुणी तपासतच नव्हतं, म्हणाल्या. यापुढे प्रत्येक नोंद, यंदाच्या झालेल्या फेरीचीसुद्धा, दुसऱ्या खात्यांच्या नोंदींशी जुळवून पाहिली जाईल. जुळली तर ती नोंद पक्की. शिवाय मुलाखत चालू असताना टॅब आवाजही टिपेल, म्हणजे घरात न जाताच झाडाखाली बसून उत्तरं भरणाऱ्यांना चाप बसेल. घराबाहेर जाऊन 'पूर्ण' दाबेपर्यंत टॅब ऐकत राहील.

झाडाखाली बसणारे चुळबुळले. उंबरठ्यांनी हात वर केला.

"मॅडम, म्हणजे नाव जाणार?"

"नाव नाही. क्रमांक जाईल."

"क्रमांकावरून नाव कळतं?"

"ते फक्त जुळणीपुरतं."

"मग आपण घराघरांत जे वाक्य सांगतो, ते बदलायचं का?"

"वाक्य तेच ठेवा," त्या म्हणाल्या. "लोकांचा विश्वास महत्त्वाचा आहे."

सभागृहात कुणी हसलं नाही. उंबरठे मात्र त्या रात्री जेवताना दोनदा पाणी मागितलं आणि दोन्ही वेळा तसंच ठेवलं.

दुसऱ्या फेरीला ते शिवणकामवाल्या बाईंकडे गेले तेव्हा ढीग नेहमीसारखाच होता, पण बाई मशीनवर नव्हत्या. खुर्चीवर बसून होत्या. भत्ता बंद झाला होता. बँकेत विचारलं तर तिथे म्हणाले, वरूनच आला नाही. भत्त्याच्या ऑफिसात विचारलं तर तिथे म्हणाले, तुम्ही काम करता असं कळलंय.

"भाऊ, तुम्ही कुणाला बोललात का हो?" बाईंनी विचारलं. रागानं नाही, नुसतंच.

"नाही, ताई. शपथेवर सांगतो." आणि हे म्हणता म्हणताच उंबरठ्यांना सभागृह आठवलं आणि मॅडम आठवल्या. त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त लिहिलं होतं. नीट लिहिलं होतं.

"थेंब?" त्यांनी विचारलं.

"दुकानवाल्याकडून उचल घेतली. ती भाड्यात गेली. थेंब आता एक दिवसाआड घालते. पुरवून पुरवून."

उंबरठे तिथून उठले ते थेट औषधाच्या दुकानात गेले. डोळ्यांच्या दाबाचे थेंब द्या म्हणाले. औषधवाल्यानं विचारलं, कुठले? दाबाचे पाच प्रकार आहेत, चिठ्ठी आणा. चिठ्ठी बाईंकडे. दुसऱ्या दिवशी ते चिठ्ठी मागायला गेले तर बाई म्हणाल्या, "तुम्ही का आणायचे? तुम्ही काय माझं देणं लागता?" आणि चिठ्ठी काही केल्या दिली नाही. उंबरठ्यांना वाटलं, देणं लागतोच. पण ते बोलायचं कसं, हे काही त्यांना सुचलं नाही.

मग त्यांनी भत्त्याच्या ऑफिसात खेटे घातले. तिथला कारकून भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे फिरवला. "साहेब, मी काहीच केलं नाही हो," तो म्हणाला. "तुमच्याकडून यादी आली, मशीननं जुळवली, मशीननं थांबवली. बघा, माझ्या पडद्यावर 'बंद' दिसतंय. 'चालू' असं बटणच नाही मला. असतं तर दिवसभर तेच दाबत बसलो असतो." आणि त्यानं खरोखरच पडदा त्यांच्याकडे वळवला. बटण नव्हतं.

शेवटी ते मॅडमसमोर उभे राहिले.

"मॅडम, त्या बाईंची नोंद मी चुकीची लिहिली असं लिहून देतो. माझ्यावर काय करायचं ते करा."

"चुकीची लिहिली होती का?"

उंबरठ्यांनी खांद्यावरचा पिशवीचा पट्टा सारखा केला.

"सांगा ना. चुकीची लिहिली होती?"

"नाही."

"मग?" मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला वाटतं, मला हे कळत नाही? वरच्या बैठकीत मी तीनदा म्हटलं, भत्त्याच्या खात्याला नोंदी देऊ नका, आपण त्यांच्याकडून घेऊ, देऊ नका. ते म्हणाले, सरकार एकच आहे. काय बोलणार?" त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "पुढच्या फेरीत त्या काय सांगतात, त्यावरून नोंद आपोआप बदलते. एवढंच माझ्या हातात आहे. म्हणजे माझ्याही हातात नाही."

उंबरठे जन्मभर लोकांच्या न बोललेल्या गोष्टी ऐकत आलेले. मॅडमना काय म्हणायचं होतं ते त्यांना दार गाठायच्या आतच कळलं.

सुट्टीच्या दिवशी ते पिशवी न घेता बाईंकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या घरी ते काही विचारायला नाही, सांगायला गेले. आत बसलेसुद्धा नाहीत. दारातच म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी मी येईन तेव्हा शिवणकामाचं बोलायचं नाही. काम करता का म्हटलं की नाही म्हणायचं."

"पण तुम्हीच म्हणालात ना, त्यालाच काम म्हणतात?"

"म्हणालो होतो."

"आणि आता?"

"आता नाही म्हणायचं. आत विचारलं तरी, दारात विचारलं तरी. कुणीही विचारू द्या. मी विचारलं तरी."

बाईंनी मान डोलावली. मग मशीनकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे आमच्या ह्यांचंच खरं होतं तर." घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "झालं का काम?" तर म्हणाले, "झालं. एका बाईला नोकरीवरून काढून आलो."

तिसऱ्या फेरीला बाईंनी मशीनवर फुलाफुलांची चादर घातली होती. शर्टांचा ढीग दिसत नव्हता, पलंगाखालून एक बाही तेवढी डोकावत होती. टॅब मधोमध टेबलावर, ऐकत.

"गेल्या आठवड्यात मोबदला घेऊन एखादा तास तरी काही काम केलंत?"

"नाही. मी काही काम करत नाही. घरीच असते."

उंबरठ्यांनी लिहिलं. चेन ओढली. आणि दारात गेल्यावर त्यांनी चपला अशा चटकन घातल्या की बाईंना 'सांभाळून जा' म्हणायलाही फुरसत मिळाली नाही.

बाईंची नोंद जुळली. इतकी छान जुळली की विचारू नका. भत्त्याचं खातं म्हणत होतं काम नाही, बाई म्हणत होत्या काम नाही, टॅबमधला आवाज म्हणत होता काम नाही. आणि गल्लीतल्या गोष्टी गल्लीत राहतात थोड्याच? त्या वस्तीत घरी बसून शिवणाऱ्या, पिशव्या चिकटवणाऱ्या, मसाला निवडणाऱ्या बायका घरटी एक होत्या. एकीचं ऐकून सगळ्या शहाण्या झाल्या. उंबरठ्यांच्या यादीतल्या एकूणएक बाईनं त्या फेरीत 'घरीच असते' असं सांगितलं. काही जणी तर दार उघडायच्या आधीच सांगू लागल्या. एकेकाळी 'तसं म्हणजे' ऐकायला उंबरठ्यांना चपला तीनतीनदा घालाव्या लागायच्या. आता दारात कुणी येतच नव्हतं.

मोहिमेच्या आढावा बैठकीत मॅडमनी वाचून दाखवलं, नोंदी जुळण्याचं सर्वांत चांगलं प्रमाण उंबरठेसाहेबांच्या भागात. टाळ्या झाल्या. झाडाखाली बसणाऱ्यांनीही वाजवल्या. उंबरठ्यांना प्रशस्तिपत्रक मिळालं. घरी बायकोनं विचारलं, "कुठे लावू हे?"

"कुठे नको लावू."

"अहो, पण 'अचूकतेबद्दल' लिहिलंय त्यावर."

"म्हणूनच."

त्याच आठवड्यात टीव्हीवर चर्चा होती. शहरांतल्या कष्टकरी वस्त्यांमध्ये बायकांचं काम एकदम घटलंय, असं नव्या, अधिक विश्वासार्ह आकडेवारीतून समोर आलं होतं. एक तज्ज्ञ म्हणाले, घरची सुबत्ता वाढली की बाया काम सोडतात. दुसऱ्या तज्ज्ञ म्हणाल्या, कौशल्यं नाहीत. तिसरे म्हणाले, मुळात इच्छाच नाही. उंबरठे पडद्यासमोर हात जोडल्यासारखे बसले होते. ते एकदाच पुटपुटले, "चादरी घातल्यात हो, चादरी." पण टीव्हीला ते ऐकू जायचं काही कारण नव्हतं. बायकोनं येऊन आवाज बंद केला आणि त्यांच्याजवळ बसून राहिली.

चौथी फेरी ही बाईंच्या घरची शेवटची, आणि उंबरठ्यांच्या नोकरीतलीही जवळजवळ शेवटचीच. भत्ता पुन्हा सुरू झाला होता. मधले हप्ते मिळाले नव्हते, ते मिळत नसतात. पण थेंब पुन्हा रोज चालू आहेत, असं शर्ट टाकणाऱ्या दुकानवाल्याकडून कळलं होतं, आणि तेवढ्या एका गोष्टीच्या आधारावर उंबरठे त्या दिवशी जरा मोकळ्या मनानं निघाले.

बाईंनी दार उघडलं. मशीनवर चादर होतीच. बाईंनी त्यांना बसवलं, स्वतः पलंगाच्या कडेला हात टेकत टेकत बसल्या. प्रश्न झाले. उत्तरं झाली. "नाही. घरीच असते." सगळं गेल्या वेळेसारखंच, अगदी जुळेल असं. टॅब पिशवीत गेला. चेन वाजली.

उंबरठे दारात आले. पुन्हा चटकन निघायचं त्यांनी ठरवलं होतं. पण शेवटची खेप होती, आणि जन्मभराची सवय. अंगठा पट्ट्यात अडकायला थोडा वेळ लागला. मागे बाई भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत आल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "खरं सांगू का?"

पिशवी खांद्याला होती आणि पिशवीत टॅब ऐकत होता. त्यांनी झटकन ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं पिशवीकडे खूण केली. बोलू नका. हे ऐकतंय. पुन्हा खूण केली, मोठी, डोळे मोठे करून.

बाई बघतच राहिल्या. त्यांच्याकडे नाही. त्यांच्या डाव्या खांद्याच्या थोडं बाजूला, जिथे नुसता दरवाजाचा खांब होता.

"भाऊ?" बाईंनी विचारलं. "आहात ना?"

आता उंबरठ्यांना कळलं. बोट ओठांवर तसंच राहिलं. तोंडातून 'आहे' म्हणावं तर तेही टॅबमध्ये जाणार, आणि 'आहे' म्हटल्यावर बाई जे सांगतील तेही जाणार, आणि त्याच्या मागोमाग भत्ता जाणार. त्यांनी श्वास रोखला. माणसांचं खरं ऐकण्यासाठी आयुष्यभर दारात रेंगाळलेला हा माणूस एक चप्पल पायात, एक हातात, आवाज न करता पायरी उतरला.

बाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू भीती आली. आत्ता इथे कुणीतरी होतं आणि ते बोललं नाही. त्यांनी चाचपून कडी शोधली आणि दार लावून घेतलं.

उंबरठे गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जवळजवळ धावत गेले. टॅब काढला, 'पूर्ण' दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली. ही सगळी जुळलेली नोंद तशीच पिशवीत टाकून त्यांनी पिशवी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराच्या हातात दिली. सरकारी टॅब कुणाच्या हाती सोपवायचा नाही, हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. "धरा जरा, आलोच," म्हणाले आणि परत फिरले.

दारावर त्यांनी टकटक केली.

"ताई, मी आहे. मोजणीवाला भाऊ. एकटा आहे. पिशवी नाही माझ्याकडे."

दार उघडलं नाही.

"ताई, मघाशी बोलता आलं नाही हो मला. आता बोला. काय सांगत होतात? डोळ्यांचं ना? दिसत नाही का? बोला ना, ताई. मी कुठेही लिहिणार नाही. नाव कुठे..."

वाक्य त्यांच्या तोंडातच अडलं. पुढचं त्यांना म्हणता येईना.

मग दारापलीकडून, अगदी जवळून, बाईंचा आवाज आला. सावध आणि स्वच्छ, पाठ केलेल्या धड्यासारखा.

"मी काही काम करत नाही, भाऊ. घरीच असते."

"ताई, तसं नाही विचारत मी."

"तुम्हीच सांगितलंत ना? तुम्ही विचारलं तरी."

उंबरठे तिथेच पायरीवर बसले आणि हातातली चप्पल पायात घालू लागले. पट्टा काही केल्या सापडेना. समोरच्या घरात खिडकीशी एक बाई मशीनवर बसली होती. तिनं मान वर करून त्यांना पाहिलं, ओळखलं आणि मशीनवर चादर ओढली.